भरती बघून निघा: सोसायटीसाठी मुंबईतल्या हिवाळी निसर्गफेऱ्या

आमच्या इमारतीची पहिली निसर्गफेरी शिवडीला गेली तेव्हा आम्ही त्रेचाळीस जण होतो. रविवार, सकाळचे नऊ. समोर दूरवर नुसता चिखल पसरलेला, आणि त्याच्या पार टोकाला एक फिकट गुलाबी रेघ. "तेच फ्लेमिंगो," मी सांगितलं. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "कुठे?" तिला दाखवायला माझ्याकडे एकच दुर्बीण होती आणि तिच्यापुढे रांगेत तीस माणसं उभी होती. तिची पाळी येईपर्यंत ती रेघही आणखी लांब गेली. कुणी रागावलं नाही, पण पुढच्या फेरीला सहाच नावं आली.

मी सुट्टी बघितली होती, भरती बघितली नव्हती. त्यानंतरच्या आठ हिवाळ्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. सोसायटी, चाळ, वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, कुणालाही हे जमेल. त्यासाठी पक्षीतज्ज्ञ असावं लागत नाही. ठिकाणं थोडी घ्या, वेळ नेमकी साधा आणि त्याच जागी पुन्हा जा.

पहिली फेरी आवारातच

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. सोसायटीच्या समितीला पटवायला एवढं निमित्त पुरतं.

सकाळी सातला गच्चीवर किंवा आवारात जमा. तासाभराचं काम आहे. पहिली पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, फक्त किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचे. बहुतेक जण दोन म्हणतात, कावळा आणि घार. लहान मुलं सहा-सात सांगतात. मग एकेक आवाज शोधायचा: बुलबुल, दयाळ, शिंजीर, भारद्वाज, पोपट. आवारात पाण्याची टाकी किंवा मोकळं मैदान असेल तर शेपूट सतत वरखाली करत पळणारा धोबी पक्षी शोधा. हा आपला पावसाळ्यातला शेजारी नव्हे, थंडीपुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा आहे. हिमालय आणि त्याच्याही पलीकडून आलेला पक्षी आपल्या पार्किंगमध्ये किडे टिपतो आहे हे कळलं की लोकांचे चेहरे बदलतात. पुढच्या सगळ्या फेऱ्यांची गोडी इथेच लागते, म्हणून ही पायरी गाळू नका.

आणखी एक फायदा. कुणाला चालायला त्रास होतो, कुणाचं मूल एका जागी ठरत नाही, कुणाला कमी ऐकू येतं, हे याच तासात कळतं. पुढचं नियोजन त्यावर करता येतं.

माणसं किती

वीसच्या वर नकोत. जास्त नावं आली तर दोन तारखा करा. चार माणसांत एक दुर्बीण हवी. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण पुरते, सगळ्यांनी विकत घेण्याची गरज नाही. इमारतीत विचारा, क्रिकेटच्या सामन्यांसाठी घेतलेल्या दोन-तीन तरी कपाटात पडलेल्या असतात. दुर्बीण डोळ्यांना कशी जुळवायची ते आवारातल्या फेरीतच शिकवा. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसला पाहिजे. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडायचे. खाडीवर पोचल्यावर हे शिकवत बसलं तर पक्षी थांबत नाहीत.

एक जण पुढे, एक जण सगळ्यात मागे. मागचा माणूस सावकाश चालणारा आणि धीराचा हवा. आमच्याकडे हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काकू करतात आणि आजवर कुणी मागे राहिलेलं नाही.

भरतीचं गणित

मुंबईत पाण्याकाठी जायचं असेल तर वार नंतर बघा, आधी तिथी बघा. कोकणातल्या जुन्या माणसांना हा हिशोब तोंडपाठ असे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. पौर्णिमा आणि अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास, दिवसा आणि रात्रीही, कारण भरती दिवसातून दोनदा येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने, फार तर पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. हा अंदाज घरातल्या कॅलेंडरवर बसून काढायचा आणि मग इंटरनेटवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. तक्त्यातली वेळ अंतिम धरा.

आता हे शिवडीला लावून बघू. पाणी पूर्ण ओसरलेलं असताना फ्लेमिंगो लांबवर चिखलात पसरतात, आमचं झालं तसं होतं. भरती पूर्ण असताना चिखलच उरत नाही, ते दुसरीकडे जाऊन विसावतात. आपल्याला हवी असते मधली वेळ, पाणी चढताना किंवा उतरताना, भरतीच्या दोन-अडीच तास अलीकडे किंवा पलीकडे. त्यात उजेडाची भर घाला. शिवडीचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि पक्षी काळ्या सावल्यांसारखे दिसतात. दुपारनंतर सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि तोच गुलाबी रंग पेटून उठतो. म्हणून शिवडीसाठी चतुर्थी-पंचमी उत्तम. तीन-पावणेचारला भरती, पाच वाजता उतरतं पाणी आणि पाठीवर ऊन. रविवार आणि पंचमी जुळण्याची वाट पाहण्यापेक्षा शनिवारीही जाता येतं.

किनाऱ्यावरच्या खडकांसाठी हेच गणित उलटं. तिथे ओहोटी हवी, तीही मोठी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते, तेव्हा खडक पुरते उघडत नाहीत. पौर्णिमेला सकाळची ओहोटी सहाच्या आधीच होते, जानेवारीत तेव्हा काळोख असतो. द्वितीया-तृतीयेला ती साडेसात-आठवर येते. तक्त्यात ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली दाखवली असेल तर तो दिवस पक्का करा. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी परत फिरलं की अर्ध्या तासात बाहेर पडायचं. ही शिस्त मोडायची नाही, कारण चढणारं पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या खळग्यांतून भरतं.

कुठे जायचं

शिवडी स्टेशन हार्बर लाइनवर आहे. पूर्वेला उतरून वीसेक मिनिटं चालावं लागतं, ज्येष्ठांसाठी टॅक्सी करा. अटल सेतू इथूनच निघतो. पुलाचं काम सुरू झाल्यापासून या बाजूला पक्षी पूर्वीइतके खात्रीने दिसत नाहीत, त्यामुळे दोन दिवस आधी कुणीतरी जाऊन बघून यावं. दुसरा पर्याय ऐरोलीचा. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि हंगामात बोटीतून खाडीत नेतात. बोटीच्या वेळा तेच भरतीप्रमाणे ठरवतात, आपण आगाऊ नोंदणी करायची. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

मुलांना दोन जातींमधला फरक आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर शोधायला काम मिळतं. लहान फ्लेमिंगोची चोच जवळजवळ पूर्ण गडद, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. करडे दिसतील ती पिल्लं. गुलाबी रंग जन्मजात नसतो, तो खाण्यातून येतो. चिखलातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांतला रंग पिसांत उतरतो. थवा मान खाली घालून चालत असतो तेव्हा चोच उलटी धरून पाणी गाळत असतो. गुलाबी रंगावर नजर खिळली तरी शेकाट्या, चित्रबलाक आणि कुरव (सीगल) यांच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा.

किनाऱ्यासाठी हाजी अली, वांद्र्याचं बँडस्टँड किंवा जुहूच्या टोकाचा खडकाळ भाग. माझ्या मते मुंबईकराला सगळ्यात जास्त चकित करणारी फेरी हीच. रोज बसमधून दिसणाऱ्या त्या काळ्या खडकांवर समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) असतात, शंखात घर केलेले खेकडे, कालवं, रंगीत समुद्री गोगलगायी, नशीब असेल तर एखादा छोटा ऑक्टोपस. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळही आहेत आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. खडकावर पाय ठेवण्याआधी तिथे कोण बसलंय ते बघायचं. दगड उचलला तर तसाच परत ठेवायचा, उलटा ठेवला तर खालचे जीव उन्हाने मरतात. शंख उचलायचा नाही, कारण रिकामा वाटणाऱ्या शंखात कुणी राहत असेल आणि शंकूच्या आकाराच्या काही गोगलगायींचा डंख विषारी असतो.

शक्य असेल तर जवळच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशींना बोलवा आणि त्यांना मानधन द्या. आमच्याबरोबर एकदा अशा मावशी आल्या होत्या. त्यांनी चिखलावर टुणटुण उड्या मारणारा निवट्या मासा दाखवला, तिसऱ्या (शिंपले) कुठल्या वाळूत लागतात ते सांगितलं आणि मग म्हणाल्या, "माझी आय इथंच टोपली भरून कालवं काढायची. आता वाटीभर निघतात." मी तयार केलेलं सगळं भाषण तिथेच बाजूला ठेवलं.

ज्यांना खडक झेपणार नाहीत त्यांच्यासाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सायन-धारावीच्या बाजूला, मिठी नदीकाठी. इथे पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. त्यावर माती घालून सदतीस एकरांवर झाडी उभी केली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. सपाट वाटा, बसायला जागा, स्वच्छतागृह. फुलपाखरांसाठी इथे नऊनंतर जा. फुलपाखरं ऊन खाऊन पंख तापल्याशिवाय नीट उडत नाहीत, त्यामुळे सकाळच्या फेऱ्यांपैकी ही एकच अशी आहे जिच्यासाठी पहाटे उठावं लागत नाही. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, दिसण्याची चांगली शक्यता.

आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सोमवारी ते बंद असतं. मुख्य रस्त्यावर तिकीट काढून जाता येतं, पण शिळोंड्यासारख्या आतल्या पायवाटांसाठी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी आणि सोबत माणूस लागतो. तो घ्याच. गोरेगावला फिल्मसिटीला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथेही गटांसाठी फेऱ्या होतात. ही संस्था १८८३ पासून मुंबईत काम करते आहे. जंगलाची फेरी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत ठेवा, तेव्हा काटेसावर पानं गाळून लाल फुलांनी भरते आणि पळसही उमलू लागतो. बहरलेल्या एका सावरीखाली चटई टाकून तासभर बसलं तरी फेरी सार्थकी लागते. मैना, बुलबुल, कावळे, पोपट, खारी सगळे मधासाठी येतात, आणि थंडीत येणाऱ्या भोरड्याही, ज्यांना पळसमैना असंही म्हणतात.

बिबट्या दाखवण्याचं वचन कुणालाही देऊ नका. हा त्याच्या घराचा भाग आहे एवढं सांगा. आजूबाजूच्या वारली पाड्यांवर वाघोबाला देव मानून पुजतात, त्या पूजेबद्दल पाड्यावरच्या कुणी सांगितलं तर शांतपणे ऐका.

आदल्या आठवड्यात

स्वतः एकदा त्याच वेळी जाऊन या. तिथे तीन गोष्टी बघायच्या: सावली, परतीची वाट आणि स्वच्छतागृह. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. जवळ स्वच्छतागृह नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हात त्रास होतो. शिवडीला आणि बऱ्याचशा खडकाळ किनाऱ्यांवर सोय नाही, त्यामुळे स्टेशनवरची सोय वापरून निघायचं आणि फेरी दोन तासांत संपवायची, हे निरोपात स्पष्ट लिहा.

रविवार असेल तर शनिवारी मेगाब्लॉक बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. सकाळची फेरी साडेदहाला संपेल अशी आखा.

थंडीत वारा पडला की शहरावर धुरकं साचून राहतं. दमा असलेल्यांना आदल्या रात्री हवेचा निर्देशांक कळवा. फारच वाईट असेल तर फेरी पुढे ढकला, यात कमीपणा नाही.

निरोप असा असू द्या: जमण्याची जागा आणि वेळ, परत येण्याची वेळ, किती चालायचं, पैसे किती आणि कशाचे. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्या, पूर्ण लांबीची पँट. किनाऱ्यासाठी मागे पट्टा असलेल्या चपला किंवा जुने बूट, साध्या स्लिपर नकोत. अत्तर नको. जंगलात मधमाश्यांची पोळी असतात. पाणी घरून, खाणं डब्यात: पोळीभाजी, केळं, राजगिऱ्याचा लाडू. वेफर्सची पाकिटं नकोत. त्यांचा कचरा होतोच, शिवाय राष्ट्रीय उद्यानातली माकडं त्या चुरचुर आवाजावर धावून येतात.

हिवाळ्यातला एक खास धोका म्हणजे खाजकुइली. डिसेंबर-जानेवारीत तिच्या सोनेरी लव असलेल्या शेंगा वाटेकडेला लोंबत असतात आणि मुलं हमखास हात लावतात. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे लव निघून येते, मग साबणाने धुवायचं. म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्टी ठेवा. गवतातून आल्यावर घोट्याशी आणि गुडघ्यामागे गोचीड आहे का तेही तपासा.

फेरीच्या दिवशी

ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबा, मग निघा. माणसं मोजा, परतताना पुन्हा मोजा.

नावं सांगण्याची घाई करू नका. पक्षी दिसला की आधी विचारा: काय करतोय? एकटा की थव्यात? चोच कशी? नाव शेवटी. नाव कळलं की बहुतेकांचं बघणं थांबतं, असा माझा अनुभव आहे. आणि नाव येत नसेल तर "माहीत नाही, बघू" म्हणा. वहीत वर्णन लिहून घ्या, घरी गेल्यावर ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर शोधता येतं. फुलं आणि किनाऱ्यावरचे जीव ओळखायला आयनॅचरलिस्ट फार उपयोगी. मराठी नावंही जपा. धोबी, निवट्या, शेकाट्या ही नावं आजी-आजोबांकडून येतात तेव्हा फेरीत त्यांची जागा आपोआप पुढे येते.

काही गोष्टींना ठाम नकार द्या. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही. फ्लॅश नको. फ्लेमिंगो उडताना छान दिसतात म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, त्यांच्या पोट भरण्याच्या वेळेतून ते उड्डाण वजा होतं.

कुरवांना शेव-गाठी घालणंही याच यादीत. गिरगाव आणि मरीन ड्राइव्हवर थंडीभर हे चालतं आणि घालणाऱ्यांच्या मनात पुण्याचा भाव असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून रागावून नव्हे, सांगून बघा. तिबेटच्या पठारावरून, मध्य आशियातून आलेला हा पक्षी आहे, मासे आणि किनाऱ्यावरचे जीव हे त्याचं अन्न. तळलेलं, मिठाचं पीठ हे नव्हे. आमच्यातले एक काका दर थंडीत पिशवीभर गाठी नेत असत. त्यांना मी दुर्बीण दिली आणि कुरवाच्या डोळ्यामागचा काळा ठिपका बघायला सांगितलं. उन्हाळ्यात त्याचं सगळं डोकं तपकिरी होतं आणि थंडीत एवढीच खूण उरते, हे सांगितल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. पिशवी त्या दिवशी उघडली नाही. आता काका दुर्बीण घेऊन जातात.

पुन्हा तिथेच

एका हिवाळ्यात चार फेऱ्या पुरे: नोव्हेंबरात आवार, डिसेंबरात किनारा, जानेवारीत खाडी, फेब्रुवारीत जंगल. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन, त्याच्या आसपास खाडीची फेरी जमली तर मुलांना शाळेतही सांगायला विषय मिळतो. फेब्रुवारीतच परसातल्या पक्ष्यांची जगभर गणना होते. चार दिवसांपैकी कुठल्याही दिवशी किमान पंधरा मिनिटं मोजायचं आणि यादी ई-बर्डवर टाकायची. ती गच्चीवरूनच करा. नोव्हेंबरच्या यादीशी ताडून बघितली की कोण नवं आलं आणि कोण बोलू लागलं ते दिसतं. तांबटाची टुकटुक तोवर वाढलेली असते.

पुढच्या वर्षी ठिकाणं बदलू नका. तोच खडक, तीच सावर. दुसऱ्या वर्षी लोक स्वतःच सांगू लागतात की मागच्या वेळी इथे समुद्रफुलं जास्त होती.

नोंदींसाठी मोबाइलच्या ग्रुपवर विसंबू नका, दोनशे पानी वही घ्या आणि गेटवर वॉचमनच्या टेबलावर ठेवा. तारीख, वेळ, तिथी, काय दिसलं, कुणी बघितलं, एवढे पाच रकाने. आमच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी रात्रपाळीच्या वॉचमनकाकांच्या आहेत. जनरेटरच्या खोलीवरच्या पिंगळ्याच्या जोडीबद्दल आम्हाला त्यांच्याच एका नोंदीतून कळलं, पहाटे चार वाजून दहा मिनिटांची, तिथीसकट.